एकाच शेंड्याचं झाड

४ मार्च

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते आहे. त्यात मनापासूनचे किती, ते विचारू नकोस.

तुझ्या त्या काटेरी झाडाने माझा अंगठा फोडला. ते फाटकाजवळचं बुटकं, पिसांसारख्या पानांचं. वरून बघावं तर इतकं मऊ की हात फिरवावासा वाटतो, आणि देठाच्या बुडाशी दोन-दोन इंचांच्या सुया! काटा मोडून आतच राहिला. एकतीस वर्षं मी मुलांच्या वॉर्डात रडणाऱ्या पोरांच्या शिरा शोधल्या, आणि आता स्वतःच्या अंगठ्यातला काटा डाव्या हाताने काढत बसले होते. चष्मा घसरत होता तो वेगळाच. शेवटी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. टोचणारी पोरगी मला म्हणते, "आजी, घाबरू नका हं." मला!

तू गेलीस त्याला पाच महिने झाले. जाताना दोन कुंड्या उचलल्यास आणि अठ्ठेचाळीस माझ्या गळ्यात टाकल्यास. मोजल्या मी. जमिनीतली झाडं त्यात धरलेली नाहीत. नवऱ्याशी भांडण झालं, घर सोडलंस, ठीक आहे, तुमचं तुम्ही बघा. पण मी काय केलं होतं? कशाला किती पाणी, कशाला ऊन, कशाला सावली, एक चिठ्ठी तरी ठेवायचीस. पाळी संपवून घरी जाणारी नर्ससुद्धा पुढच्या पाळीच्या बाईला एकेका खाटेपाशी उभं राहून सगळं समजावते आणि मगच टोपी काढते. तू तशीच चालती झालीस.

आता ऐक. ते अननसाच्या भावंडासारखं दिसणारं जे आहे, त्याच्या मधल्या पेल्यात पाणी साचलं होतं. डास होतील म्हणून मी ते उपडं करून ओतून टाकलं. तर ते वाळायला लागलं. भिंतीवर फळीला टांगलेल्या त्या सांबरशिंगाच्या झाडाला पाणी कुठून घालायचं, वरून की मागून? आणि कोपऱ्यातल्या कुंडीत परवा एक काळं फूल आलं. काळंकुट्ट, वटवाघळासारखं, आणि त्याला वीतभर मिशा. शेजारीण मला काही विचारायला आली होती, ते बघून न विचारताच परत गेली. ही असली झाडं माणसाने घरात आणावीत?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. छत्री पाम गेला तो तुझ्या पाण्याने. बी रुजवून अकरा वर्षं वाढवलंस हे खरं, पण लाड केले की पोर बिघडतं तसंच झाडाचंही. त्यात कोणी काही ओतलं, आणि ते तुझ्या नवऱ्यानेच ओतलं, हे तू जे बोललीस ते बोलायला नको होतं. त्या दुपारी मी झोपले होते. तेव्हाही हेच सांगितलं, आताही हेच सांगते.

तेव्हा कशाला किती पाणी, एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस. बाकीचं वकिलांकडून येतंच आहे.

तुझी सासू
(निदान कोर्टाचा निकाल लागेपर्यंत)


१९ मार्च

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, नकाशा! मोजणी कार्यालयात बारा वर्षं नकाशे काढलेस म्हणून सासूलाही नकाशाच पाठवावा?

अंगण अगदी मापात आहे. उत्तरेचा बाण, पाण्याचा नळ, सांडपाण्याचं गटारसुद्धा. अठ्ठेचाळीस कुंड्यांना अठ्ठेचाळीस आकडे आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात सूचना. 'क्र. ७ : पेल्यात पाणी असू द्यावे. उपडे करू नये.' 'क्र. २३ : सावली. फूल काळेच असते.' हा टोमणा आहे, कळतो मला. आणि घराच्या जागी एक रिकामा चौकोन! आत कोणी राहतं की नाही याचा पत्ताच नाही. अंगठा कसा आहे, एवढं चार शब्दांत विचारायला शाई कमी पडली असेल.

छत्रीच्या जागी तू काहीच काढलं नाहीस. तिथे बुंधा अजून आहे म्हटलं. कमरेएवढा. मी काढू दिला नाही.

नकाशा स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून चिकटवला आहे. बाहेर लावला तर चिरंजिवांच्या डोळ्यांत खुपतो. परवा त्यांनी गवंडी आणला होता. पुढचं अंगण मोकळं करून फरशी घालायची, गाडीला जागा करायची. मी म्हटलं, "अंगण माझ्या नावावर आहे." तर म्हणतो, "आई, ती गेली आणि तू तिची भुतं सांभाळत बसलीस." गवंडी बिचारा पाणी पिऊन गेला.

तो सारखं एकच धरून बसला आहे, की त्या झाडांनी त्याची बढती खाल्ली. बढतीवर दुसऱ्या गावी जायचं होतं आणि तू म्हणालीस, झाडांची सोय लागेपर्यंत चार महिने थांब. कचेरी कुणासाठी चार महिने थांबते? त्याची जागा दुसऱ्याने घेतली. माझं मत विचारशील तर तूही अतीच केलंस. नवऱ्याच्या नोकरीपेक्षा कुंड्या मोठ्या? आमच्या वेळी असलं बोलायची कुणाची टाप नव्हती.

क्र. ७ च्या पेल्यात पाणी घातलं आहे. मधून नवा कोंब दिसतो आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

सासू


२७ एप्रिल

घराच्या मागचा तुझा चांदीच्या रंगाचा पाम मरता मरता वाचला. श्रेय माझं आहे, म्हणून कळवते.

दहा-बारा दिवसांपूर्वी बघते तर नव्या पानाला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप पडलेले, आणि शेंड्याजवळ बोट जाईल एवढं भोक. भोकातून चघळलेला भुसा बाहेर येत होता. नकाशावर याचं औषध नाही! म्हणून बसने रोपवाटिकेत गेले. तिथला तो म्हातारा रोपवाला तुला 'ताई' म्हणतो, मला 'सिस्टर'. म्हणाला, "शिंगवाला भुंगा आहे, सिस्टर. आत बसून गाभा खातोय. आज काढा. उद्यावर टाकू नका."

"तुम्ही या की काढायला."

"गुडघे गेले माझे. वाकता येत नाही. तार आत घालायची, टोकाला आकडा करून."

तार कशाला? माझा ऑपरेशनचा लांब चिमटा अजून पेटीत आहे. स्टुलावर चढले, विजेरी तोंडात धरली आणि तिसऱ्या खेपेला बाहेर ओढला. अंगठ्याएवढा, काळा, कपाळावर शिंग, पाय हलतायत. वॉर्डात एका पोराच्या नाकातून शेंगदाणा काढला होता, त्याची आठवण झाली. भोकात वाळू आणि रोपवाल्याने दिलेली भुकटी भरली. दहा दिवस झाले, भुसा नाही, नवं पान सरळ आलं आहे.

त्या रोपवाल्याला मात्र मी दोन शब्द सुनावले. भुकटी बांधता बांधता म्हणतो, "पामला एकच शेंडा असतो, सिस्टर. दुसऱ्या झाडाची फांदी तोडा, बाजूने फुटतं. याचा मधला कोंब गेला की वर्षभर उभं राहून मरतं. ताईंची छत्री तशीच गेली. मी आलो होतो बघायला. मधलं मिटलेलं पान ओढलं तर अलगद हातात आलं, खाली सगळं सडलेलं. पाण्याने असं होत नाही. तणनाशक होतं, तेही पाणी न घालता, निव्वळ. त्याच दिवशी कोणी नळी लावून खळखळून धुतलं असतं तर कदाचित वाचलं असतं."

मी म्हटलं, तुम्ही रोपं विका, पंचनामे करू नका. जो तो उंटावरचा शहाणा! बसमध्ये भुकटीची पुडी मांडीवर घेऊन बसले होते. दोन थांबे पुढे गेले आणि उन्हातून उलट चालत आले. वय झालं की असं होतं. त्याचा आणि रोपवाल्याचा काही संबंध नाही.

पत्राला उत्तर म्हणून 'चिमटा चालेल. छान.' एवढं तरी लिही.


१२ जून

तू लिहिलंस 'छान'. एकच शब्द. पोस्टाला लाज वाटली असेल तो पोचवताना.

पण आज तो विषय नाही. आज माझ्या अंगाची आग होते आहे आणि ती तुझ्यावर नाही, म्हणून कागदावर नीट उतरत नाही. सांभाळून घे.

सकाळी वकील आला होता. पुढच्या महिन्यात कोर्टातल्या समुपदेशक बाईंपुढे मला नेणार आहेत, त्याची 'तयारी' करून घ्यायला. गुळगुळीत दाढी, हातात चामडी पिशवी. तोही मला आजी म्हणतो. जगात आता सिस्टर म्हणणारा एक रोपवालाच उरला. जानेवारीत या वकिलाने माझ्याकडून एका टाईप केलेल्या कागदावर सही घेतली होती. तेव्हा माझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, चष्मा नव्हता. मुलगा म्हणाला, सही कर, केली. आज मी तो कागद मागून घेतला आणि वाचला. पहिल्यांदा.

त्यात लिहिलं आहे की सदर महिला, म्हणजे तू, झाडांना माणसं समजतेस. सदर महिलेचं मानसिक संतुलन ठीक नाही. सदर महिलेने स्वतःच्या हाताने झाडावर विष ओतून आरोप पतीवर केला, आणि 'हे मी समक्ष पाहिले आहे.' खाली माझी सही. गिचमिड, पण माझीच.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, मी तर तेव्हा झोपले होते."

"आजी, झोपलेला माणूस साक्षीदार होत नाही. पाहिलं, असंच हवं."

"अहो, पण सगळ्यांना सांगितलंय की झोपले होते. झोपले होते की पाहिलं, एक काय ते ठरवा!"

तर माझा मुलगा सोफ्यावर बसून मोबाईलवरचं बोट न थांबवता म्हणतो, "आई, एवढं तर करशील ना माझ्यासाठी?"

आणि मग वकिलाला, हसत हसत, माझ्यासमोर: "या कागदाची प्रत तिच्या कचेरीत पोचलीय. साहेबाने तिला डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलाय. डोकं ठिकाणावर असल्याचा. तोवर नकाशांना हात लावायचा नाही."

हे खरं आहे? तू मला का लिहिलं नाहीस? बारा वर्षं जिची एक रेघ चुकली नाही तिने डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणायचा? आणि तो माझ्या सहीवर? माझ्या सहीने पोरांना औषधं मिळायची. माझी सही बघून डॉक्टर दुसऱ्यांदा विचारत नसत.

मी दुपारी झोपत नाही. हे तुलाही माहीत आहे. अकरा वर्षं एका घरात राहिलीस, मला दुपारी आडवं झालेलं कधी पाहिलंस? मी झोपले होते म्हणाले तेव्हा तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. तेवढ्यात तुला सगळं कळलं होतं, हो ना?

पाहिलं मी. त्या कागदावरचा एकच शब्द खरा आहे, समक्ष. गेल्या ऑगस्टमधला शनिवार. तू जादा कामासाठी कचेरीत गेली होतीस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं. त्याने माझ्या कपाटातले वॉर्डाचे रबरी हातमोजे घातले होते. हिरवा डबा हातात. छत्रीची गोल पानं त्याने एका हाताने बाजूला सारली आणि डबा मध्ये तिरका केला. घाईने नव्हे, हळूहळू, बाटलीने बाळाला दूध पाजावं तसा. मग नळावर डबा विसळला, मोजे धुऊन माझ्या कपाटात जिथल्या तिथे ठेवले. मी धावले, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता.

पुढे दीड महिना तू माती बदलत राहिलीस, मुळं उकरून बघत राहिलीस, 'माझंच काही चुकलं असेल' म्हणत राहिलीस. मग तुला अडगळीत तो डबा सापडला. तू विचारलंस, आणि त्याने माझ्याकडे बोट केलं, "आई, तूच सांग." आणि मी तोंडात मूग धरले असते तरी चाललं असतं. पण मी तोंड उघडलं. म्हणाले, मी झोपले होते, आणि फवारे तर तूच मारत असतेस.

वकिलाला मी चहा विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.


८ जुलै

परवा कोर्टात तू बाहेर बाकावर बसली होतीस, निळी पिशवी मांडीवर घेऊन. माझ्याकडे बघितलं नाहीस. अपेक्षाही नव्हती, तरी राग आलाच. आत काय झालं ते तुला बाहेर कोणी धड सांगणार नाही, वकील तर नाहीच. म्हणून मीच सांगते.

खोली लहान होती. टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर पंख्याने उडू नये म्हणून दगड ठेवलेला. समुपदेशक बाई तुझ्याच वयाच्या, दमलेल्या. एका बाजूला मुलगा, एका बाजूला वकील, मध्ये मी. भूल द्यायला नेतात तसं दोघांनी मला धरून बसवलं होतं.

बाईंनी कागद पुढे केला. "आजी, ही सही तुमची?"

"सही माझी. मजकूर माझा नाही."

वकील खाकरला. मुलगा म्हणाला, "आई, त्या एवढंच विचारतायत की झाडावर तिने विष ओतलं ना? तूच सांग."

पुन्हा तेच. तूच सांग. लहानपणी शाळेची काच फोडून आला होता तेव्हाही मास्तरांसमोर हेच म्हणाला होता, "माझी आई सांगेल." आणि मी सांगितलं होतं, तो घरीच होता म्हणून. सवय मीच लावली.

मी म्हटलं, "बाई, लिहून घ्या. ओतलं ते याने. माझ्या मुलाने. मी खिडकीत उभी होते. मोजे माझे होते."

वकील लगेच, "मॅडम, आजींचं वय लक्षात घ्या. स्मरणशक्ती..."

"वय अडुसष्ट," मी म्हटलं. "दहा किलोच्या पोराला तापाचं औषध किती मिली द्यायचं ते अजून तोंडपाठ आहे. विचारा. आणि वेडी ठरवायची असेल तर आधी सून ठरवा, मग सासू ठरवा, मग तुमच्या अशिलाच्या घरात शहाणा तेवढा एकटा तोच उरेल!"

बाई हसल्या नाहीत, पण पेन थांबलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, मग इतके महिने का नाही बोललात?"

"आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून गप्प बसले. पण बाई, ओठ माझे नव्हतेच. रक्त दुसरीचं येत होतं."

मुलगा उठला. दारापाशी जाऊन म्हणाला, "तिने तुलाही फिरवलं. पत्रं येतात ना तुझ्याकडे?" मी म्हटलं, "येतात. एक नकाशा आणि एक 'छान'."

बाईंनी माझं म्हणणं लिहिलं. मी चष्मा लावून तीनदा वाचलं, एका ठिकाणी 'बहुधा' लिहिलं होतं ते खोडायला लावलं, आणि मग सही केली. एक प्रत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या कचेरीत स्वतः नेऊन दिली. तुझे साहेब म्हणाले, "ठेवून जा." मी म्हटलं, "ठेवून जात नाही. माझ्यासमोर वाचा. आणि त्या पोरीकडून दाखला मागितलात तसा माझ्या मुलाकडून मागायचं कोणाच्या डोक्यात आलं का?" त्यांनी वाचलं. उभ्या उभ्या, पण वाचलं. मग म्हणाले, "बसा ना." मी बसले नाही.

कोर्टाच्या दिवशी मुलगा मला तिथेच सोडून गाडी घेऊन गेला. मी बसने आले. घरी येऊन बघते तर तो आपलं सामान भरत होता. कचेरीजवळ खोली घेतली म्हणाला. जाताना म्हणाला, "एका झाडासाठी आईने मुलाला बुडवलं, लोकांना सांगेन." मी म्हटलं, "सांग. पण सगळं सांग."

जेवणाच्या टेबलावर त्याचं ताट मी त्या दिवशी चुकून मांडलं. मग स्वतःवरच इतकी चिडले की ते तसंच ठेवून दिलं. राग आला तरी पोटचा आहे तो. हे तुला आवडो न आवडो, लिहिते.


१९ ऑगस्ट

रविवारी तू आलीस. त्याने अर्ज मागे घेतल्याचं आणि तू पुन्हा कामावर रुजू झाल्याचं तुझ्या तोंडून कळलं. वेगळं व्हायचंच, पण कुणाच्या डोक्यावर वेडाचा शिक्का न मारता, दोघांच्या सहीने. बरं झालं. हे आधी पत्राने कळवता आलं असतं.

टेम्पोत तू सव्वीस कुंड्या चढवल्यास. नव्या जागेला गच्ची आहे म्हणालीस. मी एकेक कुंडी आकड्याप्रमाणे पुढे सरकवत होते आणि तू नुसतं 'हं' म्हणत होतीस. सांबरशिंग बघून मात्र थांबलीस. "वाढलंय," म्हणालीस. वाढेल नाही तर काय? मागून पाणी घालते मी, दर तीन दिवसांनी.

मग तू छत्रीच्या बुंध्यापाशी गेलीस. वर हात ठेवलास. आणि मागे वळून, अगदी साध्या आवाजात विचारलंस, "मी त्या दिवशी साडेपाचला घरी आले होते. तेव्हा तरी का नाही सांगितलंत? धुतलं असतं."

मी म्हणाले, "आता आठवत नाही गं." तू मान हलवलीस आणि टेम्पोत जाऊन बसलीस.

तुझा मला संताप आला. इतकं सगळं केलं, पोटच्या मुलाला अंगावर घेतलं, आणि हिचं हे! दोन दिवस भांडी आपटत होते. आज सकाळी नळी घेऊन उभी होते आणि कळलं की संताप यासाठी आहे, की मला आठवतं.

आधीच्या पत्रात मी लिहिलं की धावले, पण उशीर झाला. धावले नाही. खिडकी उघडी होती, हाक मारली असती तर त्याचा हात तिथल्या तिथे थांबला असता. मारली नाही. साडेपाचला तू आलीस. मी चहा केला. तू कप घेऊन अंगणात गेलीस, नेहमीसारखा ओला फडका घेतलास आणि छत्रीचं एकेक पान पुसायला लागलीस. मी पायरीवर उभी राहून बघत होते. विष जाऊन तीन तास झाले होते. नळ तुझ्यापासून चार पावलांवर होता.

मला बरं वाटत होतं.

हेच उत्तर आहे. मुलाची भीती वाटली, घराच्या अब्रूची काळजी वाटली, असलं काही सांगता आलं असतं, आणि तू कदाचित ऐकूनही घेतलं असतंस. पण ते खरं नाही. ती पानं पुसताना तुझा चेहरा जसा व्हायचा तसा आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडे बघून कधी झाला नाही. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू तर घरात नव्हतीसच, पण त्याआधी मी तापाने आठ दिवस पडले होते, तेव्हा तू सगळं वेळेवर केलंस. पथ्य, औषध, चादरी, कशात कसूर नाही. मी पेशंटचं करायचे, अगदी तसं. चोख. आणि मग हात धुऊन त्या झाडापाशी जायचीस आणि तुझा चेहरा सैल पडायचा. मला एका झाडाचा मत्सर वाटत होता. अडुसष्टाव्या वर्षी, डोक्यावर सिस्टरची टोपी घालून आयुष्य काढलेल्या बाईला. त्या संध्याकाळी वाटलं, जाऊ दे, मरू दे ते एकदाचं, मग ही घरात येईल.

घरात काय आलीस ते दिसलंच.

मुलाबद्दल खरं सांगणं त्या मानाने सोपं होतं. राग आला होता, बोलून टाकलं. हे सांगायला दोन दिवस लागले आणि तीन कागद फाडले. माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं काम पुन्हा तुझ्याच अंगावर पडेल, आणि माझी कामं तू खूप केलीस.

उरलेल्या बावीस कुंड्या न्यायला तू येत्या रविवारी येणार आहेस. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून आजच पेटीत टाकते. तुला यावंसं वाटलं नाही तर टेम्पोवाल्याला एकट्याला पाठव. मी त्याच्यामागे उभी राहून एकेक कुंडी नीट चढवून घेईन, पान मोडलं तर त्याची खैर नाही.

आणि आलीस तर मी घरात असेन. तुला जे काय बोलायचं असेल ते बोल, पाहिजे तेवढा वेळ, पाहिजे त्या आवाजात. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. हे मला जमेल की नाही, ते माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत.